उकिरड्याजवळची माती

माती तपासायला द्यायची कल्पना माझीच. मी जालन्यात शेतीचं शिकते. शाळा सगळी इंग्रजीतून झाली, त्यामुळे कुंभार पिंपळगावला काकांकडे गेले की शक्यतो गप्प असते. एखादा शब्द चुकला की काकू आठवडाभर नक्कल करतात. उन्हाळ्यात काकांनी शेतातली माती काढली, तेव्हाही मी बांधावर उभी राहून नुसती पाहत होते.

दहा ठिकाणची माती काढून मिसळायची, हे मी त्यांना आधी फोनवर सांगितलं होतं. काकांनी एकाच जागी कुदळ मारली, जिथे वर्षानुवर्षं शेणखताचा ढीग पडायचा.

"तपासणारे सायेब पाह्यतील न. चांगली दिसाया पायजे."

पाहुण्यांपुढे फुटका कप ठेवत नाहीत, तसं. मला हसू आलं.

अहवालात नत्र भरपूर निघालं. काकांनी तो कागद शेजाऱ्यांना वाचून दाखवला आणि कपाशीला युरिया टाकलाच नाही. मग जुलैत पावसाने ओढ दिली आणि झाडांची खालची पानं पिवळी पडू लागली.

"हवेतला कार्बन वाढला की झाडं जोमानं वाढतेत, तूच म्हन्ली व्हती," काका फोनवर म्हणाले.

"जमिनीत पाणी आणि नत्र असेल तरच, काका. नाहीतर नुसत्या हवेचा उपयोग नाही."

"म्हन्जे आपल्या जावयावानी. हवा लई, दम न्हाई!"

ते हसले. मला हसता येईना. त्यानंतर वर्गात बसूनही मी फोनवर पावसाचा अंदाज पाहत राहायचे. पिवळेपणा नुसत्या पाण्याच्या ताणाचा असेल, तर उगाच तोंड उघडून हसं होणार. नत्राचा असेल, तर पाऊस येऊनही झाडं उपाशीच राहणार. कुठलाच अंदाज मला त्यातून सोडवत नव्हता.

रविवारी सकाळी बस धरली. काका शेतातच होते.

"काका, ती माती चुकीच्या जागेची होती. मला तेव्हाच कळलं होतं."

"मंग तवाच सांगायचं न्हाई का, माय?"

"तुम्ही चिडाल असं वाटलं."

"आन् आता काय, पेढे वाटू?"

बराच वेळ ते पानं उलटून पाहत राहिले. मग कुदळ घेऊन मुरमाड कडेला गेले, जिथे झाडं गुडघ्याएवढीही नव्हती. रस्त्यावर कुणी आहे का, ते आधी पाहिलं.

"हितली बी घ्यायची?"

"हो."

ढेकूळ फुटेना. मी पिशवीचं तोंड धरलं. एका जागेहून दुसरीकडे जाता जाता ते म्हणाले, "युरिया आनून ठिवतो. पन ओल झाल्याबिगर टाकायचा न्हाई, बराबर?"

"बरोबर."

"मंग भरून निघंल का ही खुंटलेली?"

मला ठाऊक नव्हतं. या वेळी तेही त्यांना सांगितलं.