इंदूवन्संच्या वाटेवरची सोडणं

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी ओटीवर वाल सोलत बसले होते. "मामी, आई गेली," एवढंच म्हणाली. सकाळचा चहा घेतला, गॅलरीत जाऊन बसली आणि खुर्चीतच... मी घरात ह्यांना हाक मारली. सख्खी बहीण त्यांची, त्यांना कसं सांगावं याची काळजी वाटायला हवी होती. पण माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आता सांगायचं राहून गेलं. लिहिताना लाज वाटते, पण आलं ते आलं.

इंदू माझी धाकटी नणंद. वयानं लहान, पण नणंद ती नणंद. मी तिला वन्संच म्हणायची, ती मला वयनी. मुरुडच्या अलीकडचं आमचं गाव, आणि तिला दिलेली गावातच, आमच्यापासून दोन घरं सोडून. नवरा लवकर गेला, मुलगी सुनंदा माणगावला दिली, मग तिचा सगळा जीव वाडीत. वाडी म्हणजे कुणा मुंबईकराची नारळाची. माडांमधली जागा त्यानं आम्हा सहाजणींना भाजीला दिलेली. चिरे लावून उंच केलेले दोन-दोन वाफे एकेकीला. वाफे जिचे तिचे आणि वाटा सगळ्यांच्या... म्हणजे कुणाच्याच नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. आपला वाफा आरशासारखा ठेवायचा आणि मधल्या वाटेवर हरळी, लव्हाळा पोटरीएवढा. तोच मग चिऱ्यांच्या फटीतून वाफ्यात शिरायचा. शेवटी पाळ्या लावल्या, एकेक आठवडा एकीनं वाटा काढायच्या.

इंदूवन्संच्या वाटेला मात्र पाळी लागतच नसे. तिचे वाफे उताराच्या टोकाला. तिथली वाट तिनं सोडणांनी, म्हणजे नारळाच्या वरच्या काथ्याच्या सालींनी झाकलेली. खाली जुनी खोकी, वर सोडणं पालथी, एकाला एक खेटून, टाचेनं दाबून. उजेडच नाही तर गवत येतंय कुठून! खाडीकाठी काथ्यासाठी भिजत घातलेल्यांतली उरलीसुरली सोडणं ती डोक्यावरून आणायची. मला म्हणायची, "वयनी, कंबर मोडेपर्यंत काय उपटत बसतेस? झाकून टाक. पण तुला कसं सुचणार, तुझ्या म्हायेरी मीठ पिकतं, भाजी थोडीच पिकते!" सगळ्याजणी हसायच्या. मी उरणकडची, मिठागरावरची. चाळीस वर्षं झाली लग्नाला, तरी भाजीतलं काही चुकलं की हे ठरलेलं. मीही हसायची. पण आत कुठंतरी बोचायचंच ना.

मार्गशीर्षात माझी पाळी आली. गुडघे धरलेले, खाली बसवेना. आणि मला वाटलं, मिठागराच्या बांधावर कधी गवत बघितलंय का आपण? भावानं सुकटीसाठी आणलेलं जाडं मीठ घरात पोतंभर होतं. माडाच्या बुंध्याला आपण मीठ घालतोच की, मग वाटेवर घातलं तर बिघडलं काय? दुपारी सगळ्या जेवायला गेल्यावर अर्धं पोतं वाटांवर पसरलं, वर पाणी मारलं. चार दिवसांत गवत पिवळं पडलं. वाडीतल्या काशीनं विचारलं, "काय गो, एवढं कधी उपटलंस?" मी म्हटलं, "आमच्या म्हायेरची युक्ती हाय." किती दिवसांनी ताठ मानेनं बोलले असेन मी तेव्हा.

मग तो अवेळी पाऊस झाला. रात्रभर पडला. वाटांवरचं सगळं पाणी उताराला, म्हणजे इंदूवन्संच्या वाफ्यांत. आठवड्यात तिचा लाल माठ माना टाकून बसला, वाल कडेनं करपले. शेजारी काशीचीही एक ओळ गेली. काशी तणतणली, "तुझी ती खाडीतली सोडणं गो! त्यांचाच खार उतरला. आम्ही सांगत होतो." इंदूवन्सं खाली बसली. चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकली, म्हणाली, "खारट हाय खरी." आणि माझ्याकडं बघितलं. "वयनी, मिठातलं तुला कळतं. चाखून सांग बघू. माझ्या सोडणांचंच हाय का हे?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या माहेराला कुणी मान देऊन विचारत होतं. मी माती चाखली. म्हटलं, "खाडीचंच दिसतंय."

पुढं कित्येक दिवस मनाची समजूत घालत होते की मिठागरातही पाणी खाडीचंच येतं, म्हणजे अगदी खोटं नाही बोलले. पण आपण काय बोललो ते आपल्याला ठाऊक असतंच.

तिनं वाद घातला नाही. तीन दिवस एकटीनं सोडणं उपसली, डोक्यावरून बाहेर नेली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "राहू दे, तुझे गुडघे दुखतात." काशीला आपल्या परसातला मुळा नेऊन दिला, हात धरून म्हणाली, "माझ्यापायी तुझं गेलं." मी शेजारीच उभी होते. मग ती चार दिवस लेकीकडं म्हणून माणगावला गेली, ती तिथंच राहिली. तिसऱ्या मजल्यावर.

तीन वर्षांत मी चारदा एसटीनं गेले. दर वेळी वाटभर मनात वाक्य जुळवायची आणि माणगावचा स्टँड आला की ते विरघळायचं. शेवटच्या भेटीत तिनं वाडीचं सगळं विचारलं. निघताना दारापर्यंत आली आणि म्हणाली, "वयनी, खाडीतली सोडणं कुणाला टाकू देऊ नको हां. माझ्यासारखं होईल." मी मान हलवली. मान हलवली हो मी!

तिच्या दिवसांना गेले तेव्हा पहिल्यांदा तिच्या गॅलरीत नीट उभी राहिले. दहाबारा कुंड्या, त्यांतल्या मातीवर सोडणांचे तुकडे पालथे, नखभर गवत नाही. कोपऱ्यात एक निळी बादली, तिच्यात सोडणं भिजत घातलेली. सुनंदा म्हणाली, "बाजारातून आणायची. त्यांना कुठला आलाय खार? पण हिचं आपलं रोज पाणी बदलायचं, पंधरा दिवस. कुणाचं झाड मरायला नको म्हणायची."

तिथंच मी सगळं सांगितलं. सुनंदानं कठडा धरला. मग म्हणाली, "मामी, तू तेव्हाच सांगितलं असतंस तर आई तुझ्यावर दोन दिवस ओरडली असती. आणि तिसऱ्या दिवशी वाडीत गेली असती." पुढं म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? वाडीत सांग."

सांगितलं. बाकीच्या चौघीही होत्या. काशी एवढंच बोलली, "तिनं मुळा आणून दिला तेव्हा तू तिथंच होतीस ना गो?" मी म्हटलं, "होते." खुरपं उचलून ती दुसऱ्या वाटेला गेली. अजून बोलत नाही माझ्याशी, आणि तिचं बरोबर आहे.

सुनंदानं ती बादली मला दिली. एसटीत मांडीवर घेऊन आले. ती आता विहिरीपाशी ठेवलीय, सोडणांसकट. खार त्यात कधीच नव्हता, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? तरी रोज सकाळी जाते, पाणी ओतते, नवीन भरते. पंधरा दिवस व्हायला अजून चार आहेत.