पालथा दगड

तार आली तेव्हा मी सांगलीच्या पेठेत दुकानाच्या फळ्या काढत होतो. दाजी गेले... माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लढाईवरून धडधाकट परत आलेला माणूस आठवडाभराच्या तापानं गेला. मिळेल त्या गाडीनं कोरेगाव गाठलं, तिथून टांग्यानं त्यांचं गाव. माणसं माझ्यासाठीच खोळंबली होती. त्या दिवशी अंगणात जे झालं ते सांगायला मी बसलो आहे, पण त्याआधी दाजींचं वेड सांगायला हवं, नाहीतर ते कुणाला कळायचं नाही.

पलटणीतून येणारे लोक ट्रंकेत घड्याळ आणतात, वस्तरा आणतात. दाजी इटलीतून पडके मठ बघायचा नाद घेऊन आले. चांगल्या रंगवलेल्या देवळात पाऊल टाकायचे नाहीत आणि गोसाव्याचा, जंगमाचा, कुणाचाही मोडका मठ कुठं आहे असं कळलं की सायकल काढायचे. त्यांच्याबरोबर मी पाटणच्या बाजूला गेलो, माणच्या माळावर गेलो. मला त्या भिंतींत काडीचा रस नव्हता. अक्का, म्हणजे माझी बहीण, वाटेसाठी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची, म्हणून मी जायचो. दाजी लांबच बूट काढायचे, काट्याकुट्यातून अनवाणी आत जायचे आणि पडलेले दगड उचलून भिंतीशी नीट लावून ठेवायचे. मी म्हणायचो, दाजी, हा मठ उभा राहायला सात जन्म लागतील तुम्हांला. ते नुसते हसायचे.

दुसरी तऱ्हा म्हणजे धुणं. परड्यात विहीर होती, विहिरीशी चांगला गुळगुळीत, लांबरुंद दगड होता. पण पलटणीतला हा हवालदार आपले कपडे खांद्यावर टाकून ओढ्यावर जायचा आणि बायकांच्या रांगेत बसून धुवायचा. गावाला आयतीच करमणूक झाली. अक्काला तर मान वर करता येईना.

त्याचं कारण मला माणमध्ये कळलं. एका मठाच्या ओसरीत भाकरी खाऊन झाली होती. दाजी म्हणाले, "तिकडं बॉम्ब पडून त्यांचा एक मठ पार झोपला हुता. एक म्हातारी रोज यायची. तिचं सोताचं घर बी पडल्यालं, वर पत्रा न्हाई. पर मठाचा दगड रस्त्यावर दिसला की पोटाशी धरून आत नेऊन ठेवायची. एक बी घराला लावला न्हाई गड्या..." मग त्यांनी भाकरीचं फडकं झटकलं. "आमच्या हिरीवरचा दगड आपल्या टेकावरच्या मठातला हाय. समाधीचा. खालच्या अंगाला पादुका हायत्या. माझ्या बानं बैलं जुपून ओढत आणला. मी लहान, वर बसून आलो. लय मजा वाटली हुती तवा."

"मग नेऊन ठेवा की परत," मी म्हणालो.

"चार माणसं लागत्याली उचलाय. चार माणसास्नी काय सांगू? गाव अजून बाच्या नावानं हात जोडतं. त्येला चोर कसं म्हणू रं?"

त्यानंतर दोनदा त्यांनी पहार काढली आणि दोनदा पुन्हा कोपऱ्यात ठेवली, हे मला अक्कानं नंतर सांगितलं. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

तर अंगणातलं. प्रेताला आंघोळ घालायची होती. कुणीतरी म्हणालं, विहिरीशी न्या, दगड ऐसपैस आहे. चौघांनी दाजींना उचललं. खरं सांगतो, अक्कानं आता तोंड उघडू नये असंच मला वाटलं. पण ती वाट अडवून उभी राहिली. "ह्यास्नी त्या दगडावर न्हाई बसवायचं." सगळे थांबले. शेजारचे तात्या, दाजींच्या वडिलांचे जोडीदार, म्हणाले, "अगं, काय झालं त्या दगडाला?" अक्का म्हणाली, "आवं तात्या, त्यो मठातला हाय. मामंजींनी आणला. सारा जलम आमी पादुका पालथ्या घालून त्यावर लुगडी आपटली." एवढंच बोलली आणि डोक्यावरचा पदर ओढून भिंतीशी उभी राहिली.

दाजींना पाटावर आंघोळ घातली. नंतर दोघांनी पहार लावून दगड उलटला. माती पुसली तर पादुका जशाच्या तशा, बोटंसुद्धा शाबूत. दाजींच्या वडिलांना कुणी नावं ठेवली नाहीत. तात्या एवढंच म्हणाले, "आमच्या गोठ्याचा उंबरा बी..." आणि थांबले. बाकीचे खाली बघत होते. कुणाच्या घरात मठातलं काय आहे हे ज्याचं त्याला माहीत होतं. तेरावं झाल्यावर त्याच माणसांनी गाडी जुंपून दगड टेकावर पोचवला.

परवा गेलो होतो. विहिरीशी दगडाएवढी जागा पांढरी पडली आहे, तिथं गवतही नाही. मी अक्काला म्हणालो, "धुण्याला दुसरा दगड आणून देतो."

"कुठनं आणशील?" ती म्हणाली.

तिनं दाजींचा खाकी सदरा आणि दोन लुगडी काखेत घेतली, मी बादली घेऊन मागं निघालो. ओढ्यावर बायकांची गर्दी होती, पण मधला, दाजी बसायचे तो दगड मोकळा होता. त्यावर कुणी कपडा ठेवला नव्हता. अक्काला बघून बायका सरकल्या, आणि ती तिथं बसून सदऱ्याला साबण लावू लागली.