पेटीतलं इंजिन

बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकट्याने विचारलं, "आजी, आपली गाडी आहे ना तशीच?" मी "आहे, आहे" म्हटलं, कुकर बघायला हवा असं सांगितलं आणि फोन आजोबांच्या हातात दिला. कुकर तेव्हा पालथा घातलेला होता. तेव्हापासून मला चैन नाही. भाजी निवडायला बसते आणि उठते. पेपर उघडते आणि त्याच त्या ओळीवर परत येते. तुमची डिसेंबरची तिकिटं झाली आहेत. आल्या आल्या तुम्ही बूटही न काढता हॉलमध्ये धावाल. तिथे काय दिसेल आणि काय दिसणार नाही, ते आधी कळलेलं बरं.

फोनवर सांगायला गेले तर आजोबा मध्ये बोलतात, आणि त्यांची गोष्ट नेहमी शेवटाकडून सुरू होते. म्हणून लिहिते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मी जन्मभर इंग्रजीच शिकवलं. पण यात कोठ्या आहेत, फुलोरा आहे, तुमची पिशोरची काकूआजी आहे. तिचं बोलणं इंग्रजीत आणायला मला जमणार नाही. बाबांकडून वाचून घ्या.

जूनमध्ये तुम्ही आलात तेव्हा एक अख्खी बॅग खेळण्यातल्या विटांनी भरलेली होती. त्या विटांवरच्या गोल उंचवट्यांना मोठी 'टिकल्या' म्हणायला लागली आणि मग घरात सगळ्यांची तीच भाषा झाली. चार टिकल्यांची दे, दोन टिकल्यांची लांबडी कुठे गेली. तुम्ही झोपलात की मी सुट्या विटा रंगांप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत भरून ठेवायची. लाल तूरडाळीच्या डब्यात, पिवळ्या हरभऱ्याच्या. तिसऱ्या दिवशी धाकटा रडकुंडीला आला. "आजी, रंगाने कोण शोधतं? आकाराने लाव ना!" मला ते पटायला अख्खी दुपार लागली. मग बारीक तुकडे मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांत गेले आणि ती व्यवस्था अजून तशीच आहे.

हॉलच्या पूर्वेच्या भिंतीशी, खाली फरशीवर, तुम्ही रूळ मांडले. स्टेशन लासूरचं करायचं ठरलं, कारण माझं माहेर तिथलं. तुम्ही विचारायचात आणि मी सांगायची. प्लॅटफॉर्मवर कडुनिंब होता, पाण्याची टाकी होती, बाकं सिमेंटची होती. पहिला डबा वळणावर प्लॅटफॉर्मला घासला तेव्हा आपण प्लॅटफॉर्म एक टिकली मागे घेतला. मग पुढचा डबा घासला. लांब डब्याचं पोट वळणावर आत झुकतं आणि त्याची टोकं बाहेर जातात, हे मला वयाच्या या टप्प्यावर तुमच्यामुळे कळलं. कॉलेजला असताना त्याच स्टेशनावरून मी रोज गाडीने शहरात यायची, पण गाडीकडे असं कधी बघितलं नव्हतं.

शिवना नदीवरचा पूल मात्र अर्धा राहिला. दोन्ही बाजूंनी चढ तयार होता, मध्ये हातभर मोकळं. तुमची निघायची वेळ झाली. टॅक्सीत बसताना मोठीने मला बजावलं, "आजी, काढायचं नाही. डिसेंबरमध्ये आम्ही पूल पुरा करू आणि मग गाडी पूर्ण फिरेल." मी हो म्हटलं.

तेव्हा माझ्या डोक्यात भाद्रपद आलाच नव्हता.

आपल्या घरी महालक्ष्म्या बसतात त्या पूर्वेच्या भिंतीशीच. माझ्या सासूबाईंनी ती जागा ठरवली, हे घर बांधलं तेव्हाच. दोन लोखंडी कोठ्या, त्यांना साड्या नेसवायच्या, वर पितळी मुखवटे, पुढे दोन बाळं, डोक्यावर फुलोऱ्याच्या करंज्या टांगलेल्या. तीन दिवसांच्या माहेरवाशिणी त्या. त्यांची जागा हलत नाही. आणि नेमक्या त्याच जागेवर तुमचं लासूर स्टेशन.

ऑगस्टभर मी त्या रुळांभोवती साडी उचलून फिरले. केर काढताना थांबायची. नळाला पाणी यायच्या दिवशी बादल्या नेताना एक थेंब सांडला तरी जीव खालीवर व्हायचा. आजोबा म्हणायचे, "अगं, उचलून पलीकडे ठेवू. दिवाणाची फळी काढतो, खालून सरकवतो, पोळी उचलतात तशी."

"पोळीला पूल नसतो," मी म्हणाले.

"बँकेत मी तिजोऱ्या हलवल्यात."

"तुम्ही सह्या केल्यात. हलवल्या हमालांनी."

तरी त्यांनी फळी काढलीच. आम्ही दोघं म्हातारे दोन बाजूंनी गुडघ्यांवर बसलो. फळी सरकत गेली, स्टेशन चढलं, कडुनिंब चढला, आणि मग पुलाचा एक चढ हळूच कलला आणि सगळे खांब एकामागे एक आडवे झाले. आजोबांनी फळी तशीच खाली टेकवली. मग म्हणाले, "चहा करू का?"

दुसऱ्या दिवसापासून मी पूल बांधायला बसले. तुमचे फोटो मोबाईलवर होते, पण फोटोत खांबांचं पोट दिसत नाही. प्रत्येक खांब आधीच्यापेक्षा एका पातळ विटेने उंच, एवढं आठवत होतं. मी घाईने दोन-दोन विटांनी उंच करत गेले. इंजिन चढाच्या मध्यावर घरघरलं आणि मागे आलं. पुन्हा मोडलं, पुन्हा बांधलं. स्वयंपाक करताना मनात खांब मोजायची. आजोबांना दोनदा बिनमिठाची आमटी वाढली. त्यांनी निमूट खाल्ली, कारण फळी त्यांची होती. असं करता करता मधली हातभर जागाही भरली. ती तुमच्यासाठी ठेवायची होती हे मला माहीत होतं. पण दोन्हीकडून चढ येऊन भिडला की मधे मोकळं सोडून उठवत नाही.

एवढं होऊनही गाडी अजून लक्ष्म्यांच्या जागेवरच होती.

लक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी काकूआजी पिशोरहून आली. दरवर्षी येते. ती आणि मी, दोघी जावा मिळूनच पेटी उघडतो. हाही सासूबाईंचाच नेम. मुखवट्यांची पेटी भाद्रपदातच उघडायची, दोघींनी मिळून, आणि विसर्जन झालं की दोघींनी मिळूनच बंद करायची. मधे वर्षभर तिला हात नाही.

तिने दारातच पिशवी ठेवली आणि हॉलकडे बघत उभी राहिली.

"ताई, हे काय मांडलंय? रेल्वे आली व्हय तुमच्या गारखेड्यात?"

मी सगळं सांगितलं. उद्या सकाळी मोडावी लागेल, दुसरा इलाज नाही, हेही सांगितलं. ती खालीच बसली आणि एक डबा बोटाने पुढेमागे करायला लागली.

"मोडता कशापायी? लक्ष्म्या मधी बसवू. गाडी फिरंल त्यांच्या भवती. आपण आरास करतोच की! मागल्या साली मी बैलगाडी ठिवली व्हती मातीची, तव्हा तुम्ही काय नाय म्हणलात का?"

"मातीची बैलगाडी चालत नव्हती गं."

"मग ही चालती म्हून काय झालं? लक्ष्मीला लई हौस असती. माहेरी आलीय ती."

झालं. आजोबा तर लगेच कामाला लागले. चौरंगांभोवती फेरी बसेना, म्हणून तुम्ही यार्डासाठी बाजूला ठेवलेले सरळ रूळ घातले. रूळ लांबले तसा पुलाचा उतारही लांबवावा लागला, आणि त्याच्या खांबांना विटा कमी पडल्या. तेव्हा लासूरचा प्लॅटफॉर्म मोडला. बाकं काढली, टाकी काढली. कडुनिंबाला मी हात लावू दिला नाही.

महालक्ष्म्या आल्या त्या कुंकवाच्या पावलांवरून, रुळांवरून पाय उचलत. मुखवटा हातात घेऊन काकूआजी पुढे चालत होती आणि "पुलाखालून या गं बया" असं म्हणत होती.

जेवणाच्या दिवशी संध्याकाळी हळदीकुंकवाला कॉलनीतल्या बायका आल्या. आजोबा कोपऱ्यात खुर्चीवर रिमोट घेऊन बसले. गाडी सुटली, पूल चढली, लक्ष्म्यांच्या मागे दिसेनाशी झाली आणि दुसऱ्या बाजूने निघाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पूर्ण फेरी. मला तुम्हाला तेव्हाच फोन लावायचा होता, पण तुमच्याकडे शाळेची वेळ होती.

तिसऱ्या की चौथ्या फेरीला गाडी मागून आलीच नाही. आणि थोरल्या लक्ष्मीचा मुखवटा हलला.

तिच्या अंगावर सासूबाईंची पैठणी होती. पदराचं टोक सुटून रुळावर आलं होतं, आणि इंजिनाच्या चाकात त्याची जर गुंडाळली जात होती. "थांबवा, थांबवा!" मी ओरडले. आजोबांनी घाबरून रिमोटची चकती उलटी फिरवली. गाडी मागे चालायला लागली आणि जर आणखी घट्ट बसली. कोठी कलली. काकूआजीने हातातलं तबक टाकून लक्ष्मीला कवेत धरलं.

"आवं भावजी, बंद करा ते! लक्ष्मी चालली लासूरला!"

बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. मला हसू आलं नाही. माझं लक्ष मुखवट्याकडे होतं, मग पदराकडे, मग इंजिनाकडे. जर चाकाच्या दांडीला अशी बसली होती की नखानेही सुटेना. मी कात्री आणली.

काकूआजीने माझा हात धरला. "बसल्या लक्ष्मीच्या पदराला कात्री लावता? ठिवा ती आधी."

मी ठेवली. इंजिन तसंच पदराला लटकवून आम्ही ते कोठीच्या मागे लपवलं.

विसर्जनाच्या दिवशी नेमकं नळाला पाणी आलं. माझी अर्धी सकाळ मागच्या अंगणात पिंपं भरण्यात गेली. मी आत आले तेव्हा पेटी भरून झाली होती आणि वर झाकणाशी मुखवटे दिसत होते. मी हळदकुंकू वाहिलं, दोघींनी मिळून झाकण लावलं, कुलूप घातलं, आजोबांनी आणि शेजाऱ्यांनी ती माळ्यावर चढवली. काकूआजी दुपारच्या बसने पिशोरला गेली.

संध्याकाळी मी गाडी पुन्हा जुळवायला बसले. डबे होते. इंजिन नव्हतं. काकूआजीने ते पदरातून सोडवून कुठेतरी ठेवलं असेल, असं मला वाटलं. दिवाणाखाली बघितलं, पडद्यामागे, निर्माल्याच्या टोपलीतसुद्धा. शेवटी तिला फोन लावला.

"ते व्हय? लक्ष्मीच्या पैठणीसंगं हाये. पेटीत."

"अगं, पेटीत?"

"मग पदर फाडायचा व्हता का? चांगलं घडी घालून ठिवलंय. त्यातले शेल त्या रातीच काढून घेतले भावजींनी, ते सुजतेत म्हणं."

"पोरं डिसेंबरात येणार आहेत."

"मग काढा की! पोरायसाठी उघडली तर लक्ष्मी काय म्हणणारंय? मी सांगते ना, उघडा."

"तू इथे नाहीस."

"मी मक्यात हाये, ताई. फोनवर हाये ना? समजा मी हाये तिथंच." आणि हसायला लागली. "इतकं इंग्रजी शिकलात अन् पेटीला भिता!"

मी भीत नाही. हे मी तिला सांगितलं आणि तुम्हालाही सांगते. देव कोपेल असं मला वाटत नाही. पण त्या दिवसापासून मी कितीदा माळ्याखाली स्टूल मांडलं असेल. किल्ली माझ्याच जवळ असते. एकदा वर चढून कुलूप हातात धरलं. आजोबा खालून म्हणाले, "बाजूला हो, मी उघडतो. मला कुठे नेम आहे?" मी त्यांना गप्प राहायला सांगितलं. पेटी उघडायची म्हणजे दोघींनी दोन बाजूंनी झाकण धरायचं, आणि तेव्हा घरात पुरणाचा वास असतो, अंगणात पावलं काढलेली असतात, कुणीतरी यायचं असतं. एकटीने झाकण उचलायचं, पैठणी उलगडायची, इंजिन ओढून घ्यायचं आणि पुन्हा कुलूप लावायचं, हे मला डोळ्यांपुढे आणता येईना. मी खाली उतरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढले. काल स्टूल मागच्या खोलीत नेऊन ठेवलं.

तेव्हा डिसेंबरात गाडी तुम्हाला हाताने ढकलावी लागेल. मोठी रागावेल. तिने रागवावं. तिला दिलेल्या शब्दापैकी अर्धाच मी पाळला. पेटी उघडेल ती भाद्रपदात, आणि तेव्हा तुमच्या शाळा चालू असतात, हे मला माहीत आहे. तरी बाबांना विचारून बघा.

रूळ पूर्वेच्या भिंतीशी आहेत, मधली जागा आता मोकळी आहे. शिवनेचा पूल पुरा झालेला आहे. प्लॅटफॉर्म नाही, पण त्याच्या सगळ्या विटा आकाराप्रमाणे लावलेल्या आहेत. कडुनिंब जागेवर आहे. डबे कपाटात आहेत. इंजिन माळ्यावरच्या पेटीत, पैठणीच्या पदरात, चाकाला जर गुंडाळलेलं, तसंच आहे.