डुकराच्या नावावर मांडलेला पोरगा

बार्शीटाकळीपासून आत, डांबरी सडक संपते त्या गावात कौशल्याबाईची पिठाची चक्की आहे. चक्की चालू असली की माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, पण कौशल्याबाईचा येतो. पट्टा फिरतोय, पीठ उडतंय, भुवया पांढऱ्या झाल्यात, आणि ही बाई ओट्यावरच्या माणसाला तिथूनच विचारणार, "काहून जी, ज्वारीत खडे भरून आणले का? माही चक्की का खडी फोडाची मशीन हाय?" मग समोर सरपंच असो नाही तर शाळेचे मास्तर. माहेर शेंदूरजनाघाटचं. संत्र्याच्या मंडीत, दलालांच्या बोलीत आणि हमालांच्या आरड्याओरड्यात वाढलेली पोरगी हळू बोलणार तरी कशी!

पण या बाईचं तोंड एका माणसापुढे साफ बंद व्हायचं. तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, नत्थुजी. भासऱ्यापुढे सुनेनं बोलायचं नाही, ही घरची रीत. ते दारात आले की डोक्यावर पदर, पाठ फिरवायची, आणि काही सांगायचंच असेल तर पोराला नाही तर भिंतीला सांगायचं. तेही तसेच. "घरच्याईले सांगून द्या, उद्या पाहुणे येणार हायेत," असं कौशल्याबाईसाठी ओसरीच्या खांबाला सांगून जायचे. लग्न होऊन पोरगा मिशीला आला तरी या दोघांत सरळ एक शब्द नाही. गावाला याचं भारी कौतुक. म्हणे केवढा मान ठेवते! मान कसला, डोंबलाचा! बाईच्या तोंडाला फडकं बांधायचं आणि त्याला मान म्हणायचं, एवढंच ते.

नत्थुजी वाईट माणूस नव्हता, आणि खरं दुखणं तेच होतं. नवरा गोवर्धन काविळीनं गेला तेव्हा श्याम शाळेत होता. नत्थुजीनं अकोल्याला जुन्या शहरात हिंडून दाऊद मिस्त्रीकडून ही चक्की आणली, स्वतः उभं राहून बसवून दिली, आणि खांबाला सांगितलं, "आता घरच्याईनं कोणाच्या तोंडाकडं पाहू नये." त्यांनी दोन्ही घरांचं शेत ओढलं. श्याम त्यांना मोठा बाबा म्हणायचा, त्याला सायकल आणली. अशा माणसाविरुद्ध तोंड उघडायचं म्हणजे गावाच्या शिव्या खायच्या.

आता बंदुकीचं. नत्थुजीकडे पीक राखायची परवान्याची बंदूक होती, ठासणीची, बापाच्या वेळची. ज्यांनी रानडुकरांचा कळप पाहिला नाही त्यांना यातलं काही कळायचं नाही. रात्रीतून हरभऱ्याचं वावर नांगरल्यासारखं करून जातात. माणूस सकाळी बांधावर उभा राहतो आणि त्याला रडावं की हसावं समजत नाही. म्हणून बंदूक. कागदावर ती हवेत बार काढायला. वावरात कोण हवेत काढतो ते सगळ्या गावाला ठाऊक आहे.

तूर डोक्याच्या वर गेली होती, दिवसच तसे होते. दिवेलागणीला श्याम विहिरीवरची मोटार बंद करायला निघाला तो बांधानं न जाता तुरीतून गेला. तुरीत शिरताना आवाज देत जायचं, "हो, हो" करत जायचं, हे इथं पोराटोरांना माहीत असतं. त्यानं नाही दिला. पलीकडून नत्थुजीला तूर हललेली दिसली. त्यांनी बार काढला.

मांडी फाटली. नत्थुजीनंच त्याला उचललं, पाठीवर घेऊन सडकेपर्यंत पळत आणलं, आणि वाटेत, पोराच्या रक्तानं सदरा भिजलेला असताना, ठरवलं की डुक्कर होतं. खासगी दवाखाना गाठला. डॉक्टर ओळखीचा. त्यानं दिसले तेवढे छर्रे काढले, टाके घातले आणि लिहिलं : रानडुकराचा हल्ला. कौशल्याबाई धावत पोहोचली तेव्हा नत्थुजी दवाखान्याच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते. भिंतीलाच म्हणाले, "घरच्याईले सांगा, डुक्कर होतं. कोणी इचारलं तं डुक्कर होतं."

आणि चक्कीच्या घरघरीवर मात करणारी ही बाई पदर दातात धरून गप्प उभी राहिली. तिला कोणी विचारलंच नाही. पोलिसांनी नाही, पंचनाम्याला आलेल्यांनी नाही. सगळ्यांनी नत्थुजीला विचारलं. श्याम जगला, पण पाय वाकेना. बैल हाकायचा तो पोरगा काठी टेकत चक्कीवर डबे लावायला लागला. आत राहिलेले छर्रे थंडीत ठणकायचे, त्यानं दात खाल्ले की कौशल्याबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि तो सगळा राग ती लोकांच्या ज्वारीवर काढायची. सगळं गाव जाणत होतं आणि सगळं गाव डुक्कर म्हणत होतं.

गेल्या हिवाळ्यात पेपरात मोठ्या अक्षरात आलं, जिल्ह्यात शस्त्रांचे गुन्हे दुप्पट. गाव हादरलं. आता सरकार आपल्या बंदुका जमा करून घेते की काय! उलटं झालं. डुकरांचा त्रास वाढला म्हणून बंदुकांचे परवाने वाढवावेत का, हे पाहायला तहसीलचे साहेब गावात बैठक घेणार अशी दवंडी आली. आणि आदल्या दिवशी दळण घ्यायला आलेली पार्वताबाई हसत हसत बोलून गेली, "काय वं कौशल्या, तुह्या घरी बंदूक येऊन राहिली म्हंते! पहिला नंबर तुह्याच श्यामचा!"

कौशल्याबाईनं चक्की बंद केली.

"श्याम, काय म्हणून राहिली हे?"

श्याम डब्यांकडे बघत राहिला. "मोठ्या बाबानं सही घेतली. ज्याले डुकरानं मारलं त्याचा अर्ज आधी धरतेत म्हणे."

"तुले डुकरानं मारलं?"

तिच्या हातातली सुपली भिंतीवर जाऊन आदळली. ज्या बंदुकीनं पोराचा पाय गेला तशीच दुसरी आता तिच्याच घरात, तिच्याच खुंटीला लागणार! ती आणणार कोण, तर ते न आलेलं डुक्कर! ती त्या दिवशी जेवली नाही. श्यामला दोन वेळा जेवायला विचारलं, नको म्हणाला तर म्हणाली, "मर मंग उपाशी."

बैठक समाजमंदिरात. साहेब होते, आणि अमरावतीच्या कॉलेजातून आलेली भावना मॅडम होती, जिनं आकड्यांचा अभ्यास केला होता. पोरगी प्रामाणिक होती, उगाच तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिनं पांढऱ्या पडद्यावर रंगीत दांडे दाखवले आणि पेपरवाल्यांची आधी चांगली हजेरी घेतली. "शस्त्रांचे गुन्हे दुप्पट झाले म्हणजे बंदुकीचे गुन्हे दुप्पट झाले असं नाही. या कायद्यात तलवार येते, गुप्ती येते. वाढदिवसाचा केक तलवारीनं कापणारी पोरं येतात." लोक हसले. "यातून बंदुका वेगळ्या काढल्या तर थोड्याच उरतात, आणि त्याही चोरून आणलेले गावठी कट्टे. परवान्याच्या, शेतीच्या बंदुकीनं माणूस जखमी झाल्याची या तालुक्यात नोंद किती? शून्य."

पडद्यावर भलंमोठं शून्य आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नत्थुजी पुढच्या खुर्चीत बसले होते, त्यांनीही वाजवल्या.

"आता रानडुकराच्या हल्ल्यात जखमी झालेले," मॅडम म्हणाली आणि एक लाल दांडा दर वर्षाला चढत गेला. साहेब म्हणाले, मग परवाने द्यायला हरकत काही दिसत नाही, आणि त्यांनी अर्जांची चळत पुढे ओढली. "पहिला अर्ज. श्याम गोवर्धन."

मागून, बायकांतून आवाज आला. "मॅडम, त्या लाल दांड्यात माहा पोरगा हाय का?"

सगळ्या माना वळल्या. कौशल्याबाई उभी होती. मॅडमनं कागद पाहिला. "हो. या गावातला एक आहे."

"मंग त्याले तितून काढा, अन् त्या शून्यात टाका."

"म्हणजे? मला कळलं नाही, मावशी."

"कळंन कसं! तुमाले जे आणून देल्लं ते तुमी मांडलं. त्याले डुकरानं नाई मारलं. बंदुकीनं मारलं. परवान्याच्या. त्याच्या मांडीत अजून छर्रे हायेत, हात ठेवला तं बोटाले लागतेत. डुकराच्या तोंडात सुळे असतेत का छर्रे, सांगा मले?"

नत्थुजी उठले. तिच्याकडे न पाहता पडद्याशेजारच्या खांबाला म्हणाले, "घरच्याईची तब्येत बरी नाई. कोणी घरी घेऊन जा त्याईले."

कौशल्याबाई बायकांतून वाट काढत पुढे आली. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला होता, तो तिनं उचलला नाही. ती थेट त्यांच्या समोर, त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं भासऱ्याचे डोळे एवढ्या जवळून पाहिले. म्हातारे झाले होते.

"खांबासंग काहून बोलता? मी इथं उभी हाय. मले सांगा! बंदूक तुमची, बार तुमचा, अन् नाव डुकराचं? तुमी चुकले, चुकले तं चुकले, माणूस चुकते. मले येऊन एक डाव म्हणता नाई आलं, कौशल्या, माह्या हातून झालं? भितीले सांगून गेले! अन् आता त्याच डुकराच्या भरवशावर माह्या घरात बंदूक घालून राहिले? थू तुमच्या त्या शून्यावर! अजून कितीजन हायेत त्या शून्यात, माह्या पोरासारखे? इचारलं कोणी?"

मॅडम लाल दांड्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा उतरला होता. साहेब म्हणाले, "बाई, शांत व्हा. दवाखान्याच्या कागदावर डुक्कर आहे. पंचनाम्यात डुक्कर आहे. असं तोंडी सांगून आकडा बदलत नसतो."

"मंग तोंडी सांगून बनला कसा?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि सोपी वाट धरली. "मुलगा आहे ना इथं? त्यालाच विचारू."

श्याम दारापाशी बसला होता. काठी टेकत उभा राहिला. त्यानं आईकडे पाहिलं, मग मोठ्या बाबांकडे. ज्यांच्या पाठीवरून तो सडकेपर्यंत आला होता ते नत्थुजी खुर्चीची पाठ धरून उभे होते. खरं सांगितलं तर पोलीस त्यांना घेऊन जाणार, हे दाराबाहेरच्या पोरांनाही कळत होतं.

"डुक्कर होतं, साहेब," श्याम म्हणाला.

सगळ्या समाजमंदिरानं श्वास सोडला. कोणीतरी हसलंसुद्धा. कौशल्याबाईचा हात कपाळावर गेला. भर सभेत, पोटच्या पोरानं तिला खोटं पाडलं होतं.

"झालं तर मग," साहेब म्हणाले आणि त्यांनी पेन उघडलं. "अर्ज मंजुरीला पाठवतो."

"अर्ज नको, साहेब. मले बंदूक नाई पाहिजे."

साहेब चमकले. "अरे, डुकरानं पायाची ही गत केली आणि बंदूक नको? का रे?"

श्यामनं खाली पाहिलं. हातातली काठी दोनदा जमिनीवर सरकवली. मग म्हणाला, "तुरीत काई हाललं तं मी बी बार काढन, साहेब. इकडून माणूस दिसत नाई."

नत्थुजी मटकन खाली बसले आणि दोन्ही हातांत तोंड घालून लहान पोरासारखे रडायला लागले. सगळ्यांना सगळं कळलं, साहेबांनाही कळलं. मॅडम म्हणाली, "सर, आपण हे..." साहेबांनी तिला हातानं थांबवलं, श्यामच्या अर्जावर 'अर्जदाराची इच्छा नाही' असं लिहिलं, तो बाजूला ठेवला आणि पुढचं नाव वाचलं. पुढचा माणूस रडणाऱ्या नत्थुजीला वळसा घालून आपले कागद घेऊन टेबलाशी गेला. पडद्यावर शून्य तसंच होतं.

कौशल्याबाई घरापर्यंतची सगळी वाट पोराला शिव्या देत गेली. खोटारडा म्हणाली, भेकड म्हणाली, आईले बाजारात नागडी केली म्हणाली. आणि तो पाय ओढत मागे पडला की जागच्या जागी थांबून, तोंड न थांबवता, त्याची वाट पाहत होती.