शेपटी नसलेली कबुतरं

द्रौपदीकाकूंशी माझी ओळख झाली ती एका तक्रारीच्या पत्रामुळे, आणि ते पत्र मीच लिहिलं होतं. इथे परदेशात, रोटोटुना नावाच्या उपनगरात आमची घरं पाठीला पाठ लावून उभी, मधे कमरेएवढं कुंपण. काकू रोज सकाळी अंगणात मका टाकायच्या आणि जिभेने ‘टुर्र टुर्र’ करायच्या. लगेच पलीकडच्या जुन्या गोठ्यातून साठ-सत्तर कबुतरं उतरायची आणि जाताना माझ्या नव्याकोऱ्या डेकवर प्रसाद ठेवून जायची. मी पडले पुण्याची. समोरासमोर बोलण्यापेक्षा कागदावर सुनावणं मला सोपं जातं.

काकू नागपूरच्या. यजमान दादाराव रेल्वेत होते. ते गेल्यावर मुलाने, आयुषने, २००५ साली आईला इकडे आणलं. आयुष इंजिनिअर, सून नर्स, त्यामुळे घर दिवसभर रिकामं. काकूंचं इंग्रजी बेताचं, मग बोलायला उरली कबुतरं. पहाटे उठून पंचशील म्हणायचं आणि मग मका टाकायचा, असा त्यांचा दिवस सुरू व्हायचा.

आयुष भिडस्त. माझं बिननावाचं पत्र पेटीत मिळाल्यावर त्याने ग्रॅहम नावाच्या एका माणसाला बोलावलं. ग्रॅहम हसतमुख, गमबूट घातलेला, बरोबर सहा पिंजरे. “आई, हा त्यांना शेतावर नेणार आहे,” आयुषने सांगितलं. “हीप्स ऑफ स्पेस आहे तिथे.”

कबुतरं मात्र पिंजऱ्यात जाईनात. तासाभराने काकूच उठल्या, पिंजऱ्याच्या दाराशी बसल्या आणि तळहातावर मका घेऊन ‘टुर्र टुर्र’ करू लागल्या. अर्ध्या तासात सहाही पिंजरे भरले. ग्रॅहम “स्वीट अ‍ॅज” म्हणाला, म्हणजे झकास, आणि जाताना काकूंना डझनभर अंडी देऊन गेला. मी डेक धुऊन काढलं आणि आपलं कसं सगळं गोडीत मिटलं म्हणून स्वतःवर खूश झाले.

दोन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी, एक कबुतर परत आलं. गॅरेजच्या पत्र्यावर बसलं. त्याला शेपटी नव्हती. तुटलेली नव्हे, पिसं मुळासकट उपटलेली. मागून आणखी तीन आली, तशीच. काकूंनी मका टाकला, पण एकही खाली उतरलं नाही. चौघंही स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून बसली आणि अंधार पडेपर्यंत हलली नाहीत. सकाळी दोन पन्हाळीखाली मरून पडली होती. उरलेली दोन अजून तशीच बसलेली, तिकडेच बघत.

पुढच्या शनिवारी पाच आली. मी पडदा ओढायला गेले तर त्यांतली दोन माझ्या घराकडे तोंड करून होती. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही, पण त्या दिवशी मी पडदा पुन्हा उघडला नाही.

काकूंनी मेलेलं एक कबुतर हातात घेऊन पिसांत बोटं फिरवली. मग मला कुंपणापाशी बोलावलं आणि तळहात पुढे केला. मोहरीएवढे काळे दाणे होते. “पोरी, हे छर्रे हायेत,” त्या म्हणाल्या.

प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत चौकशी केल्यावर सगळं उलगडलं. शहराबाहेर एका क्लबात नेमबाजीच्या स्पर्धा होत, जिवंत कबुतरांवर. ग्रॅहम तिथेच कबुतरं पुरवायचा. पेटीत कबुतर ठेवायचं, दोरी ओढून झाकण पाडायचं, ते उडालं की गोळी घालायची. ठरलेल्या कुंपणाच्या आत पडलं तर गुण, बाहेर जाऊन मेलं तर नाही. शेपटी आधीच उपटायची, म्हणजे ते वेडंवाकडं उडतं आणि खेळ रंगतो. यावर कायद्याने बंदी यावी म्हणून संस्था संसदेकडे अर्ज करणार होती.

हे मी काकूंना मराठीत समजावून सांगितलं. त्यांनी एकच विचारलं. “म्हणजे पिंजरे भरून मीच देल्ले?”

पत्र मी लिहिलं होतं, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतर काकूंनी सह्या गोळा करायला घेतल्या. भारतीय दुकानाबाहेर, लायब्ररीच्या दाराशी, थंडीत शाल गुंडाळून त्या उभ्या राहायच्या. “प्लीज साइन, फॉर बर्ड्स,” एवढं वाक्य पाठ केलेलं. चार महिन्यांत नऊशे सह्या झाल्या. सगळे कौतुक करायचे. पण रविवारच्या वंदनेला मी एकदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा दिसलं की सगळे पंचशील म्हणत असताना पहिल्या, जीवहत्या न करण्याच्या शीलाला त्यांचे ओठ मिटलेले होते. दुसऱ्यापासून त्या म्हणायला लागल्या.

संस्थेला चित्रीकरण हवं होतं. जूनमधल्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या, एका शनिवारी मी हँडीकॅम घेऊन निघाले, तर काकू आधीच गाडीत बसलेल्या. धुकं इतकं की रस्ताही जेमतेम दिसत होता. क्लबाच्या तारेबाहेर, सार्वजनिक रस्त्यावर आम्ही उभ्या राहिलो. आत माणसं सावल्यांसारखी हलत होती. कुणीतरी ओरडलं, झाकण पडल्याचा खट्ट आवाज झाला आणि धुक्यातून एक कबुतर थेट आमच्या दिशेने आलं. गोळी सुटली. ते तारेच्या आतच पडलं.

दुसरंही आमच्याकडेच आलं. तिसरंही. डावीकडे मोकळं रान, उजवीकडे झाडी, पण शेपटी नसलेली ती पाखरं धडपडत, कलंडत काकूंकडेच येत होती. काकूंनी तोंडातून ब्रही काढला नव्हता. सातवं आल्यावर त्यांनी शाल डोक्यावरून ओढून तोंड झाकून घेतलं, पाखरांना ओळख पटू नये म्हणून. आठवं तार ओलांडून आलं आणि त्यांच्या खांद्यावर बसलं. शालीवर रक्त उतरलं. तिथेच त्याने मान टाकली.

धुक्यातून ग्रॅहम तारेपर्यंत आला. “किया ओरा,” त्याने हसून इथला नमस्कार केला. “तुमची पाखरं फार छान. सरळ उडतात.”

संस्थेतल्या माणसांनी चित्रीकरण पाहिलं. मग एकाने विचारलं, सगळी पाखरं कॅमेऱ्याकडेच का येतात? तुम्हीच दाणे टाकून बोलावलीत, असं क्लबवाले म्हणतील. ती काकूंच्या हातचा मका खाल्लेली, त्यांनीच पिंजऱ्यात घातलेली पाखरं आहेत, हे खरं कारण लिहून दिलं नाही तर पुरावा टिकणार नव्हता.

“आई, नाव येईल पेपरात,” आयुष वैतागून म्हणाला. “लोक म्हणतील, हिनेच पकडून दिली. इथे राहायचंय आपल्याला.”

“खरं हाये ते लिवाले काय भ्यायचं?” काकू म्हणाल्या.

अर्ज ऐकणाऱ्या संसदेच्या समितीसमोर त्या पांढरी साडी नेसून बसल्या आणि मराठीत बोलल्या. मी शेजारी बसून भाषांतर करत होते. “माह्या हातावर इस्वास ठेवून ते पिंजऱ्यात गेले. पिंजरे मी भरले.” एवढं मी इंग्रजीत सांगितलं. मग मी माझ्या मनाचं एक वाक्य जोडलं, की त्यांना तसं करायला लावणारी तक्रार माझी होती. काकूंना तेवढं इंग्रजी कळलं असावं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि टेबलाखाली माझा हात धरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अध्यक्षांनी आभार मानले. कायदा कधी होईल, होईल की नाही, हे कुणी सांगेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या डेकवरून पाहिलं तर काकू अंगणात उभ्या होत्या. कबुतरं उतरली होती, जुनी आणि नवीही, पायाशी घोटाळत होती. काकूंनी वाकून मातीचं ढेकूळ उचललं आणि जोरात मारलं. मग दुसरं. कबुतरं उडाली, पण एक जेमतेम दोन हात सरकलं आणि पुन्हा पायाशी आलं. काकूंनी पायातली रबरी जँडल काढून त्याच्यावर फेकली. ती त्याला लागली. ते उडालं, आणि काकू पायरीवर बसून हमसून रडू लागल्या.

मी कुंपण ओलांडून गेले.

“कायदा होतवर,” त्या म्हणाल्या, “त्यायनं मले भ्यायलेच पाह्यजे.”

पंधरा दिवस त्या रोज सकाळी ढेकळं मारत होत्या. आता त्या दारात आल्या तरी गोठ्यावरची सगळी कबुतरं एकदम उडून जातात.