फुलपाखरांची व्हिजिट

कारखान्याच्या शॉपमध्ये शिरताना ते दोन्ही तळवे पुढे धरायचे आणि म्हणायचे, "रिकामे आहेत बरं का. बघून घ्या." लोक हसायचे, पण आधी तळव्यांकडे बघायचे.

ते आमच्या कंपनीचे वेल्फेअर ऑफिसर. गाड्यांचे सुटे भाग करणारा चाकणचा कारखाना, आणि मी तिथल्या टाइम ऑफिसात. हजेरी, शिफ्ट, सुट्ट्या हे माझं काम. वेल्फेअरचं काम म्हणजे कॅन्टीन, बस, विश्वकर्मा पूजा, कामगारांच्या मुलांना वह्या. पण मंदी आल्यापासून त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं. ज्याला घरी बसवायचं, त्याच्या हातात पत्र द्यायचं. पत्र वर तयार व्हायचं, द्यायचं यांनी. त्यामुळे ते दिसले की माणसं मशीनच्या आड सरकायची. तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. दोष त्याचा नसतो, तरी त्याच्या टेबलावर कोणी जेवायला बसत नाही.

शेवटी ते डबा घेऊन मागच्या बाजूला जायला लागले. सांडपाण्याच्या टाक्यांमागे कंपनीच्या जागेची एक लांब पट्टी पडीक होती. शुद्ध केलेलं पाणी तिथे सोडत, त्यामुळे घाणेरी, रुई, एकदांडी नुसती माजलेली. मी एकदा सही घ्यायला गेले तर हे हातात घास धरून थांबलेले. डब्याच्या झाकणावर फुलपाखरू बसलं होतं.

"हळू या मॅडम. कॅन्टीनमध्ये माझ्याशेजारी कोणी बसत नाही. हे बसलंय."

"कुठलं आहे?"

"पिवळं."

नावं त्यांना येत नव्हती. पिवळं मोठं, पिवळं लहान आणि काळं नक्षीवालं, एवढ्यावर त्यांचं शास्त्र संपायचं.

तिथेच बसून त्यांनी फुलपाखरू महोत्सवाचं काढलं. कामगारांनी घरच्यांना घेऊन यायचं, फुलपाखरं बघायची, पोहे खायचे आणि घरी जायचं. मी म्हटलं, "सर, आपली वेल्डिंगची लाईन दुसऱ्या राज्यात जाणार म्हणून सगळीकडे कुजबुज चाललीय, आणि तुम्हाला फुलपाखरं सुचतायत?"

"म्हणूनच तर," ते म्हणाले. "एक दिवस मी समोर येतोय आणि ते पळत नाहीयेत, एवढं मला बघायचंय."

आता तारीख. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, मुलांची रविवारी. त्यात ब्लॉक क्लोजर. म्हणजे गाड्यांना मागणी नसली की कंपनी दोन-चार दिवस बंद ठेवायची आणि मागणी आली की ते दिवस सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावून भरून घ्यायची. कुठला गुरुवार आपला आणि कुठला कंपनीचा, हे आदल्या आठवड्यापर्यंत कोणालाच ठाऊक नसायचं. ते माझ्या खिडकीशी येऊन म्हणायचे, "हा गुरुवार धरून चला मॅडम." मी धरायचे. मग वरून मेल यायची आणि तो गुरुवार जायचा. ते पुन्हा खिडकीशी. "बरं, पुढचा धरून चला." पोहेवाल्याने शेवटी त्यांचा फोन उचलणं बंद केलं.

शॉपवर वेगळंच चाललं होतं. वेल्डिंगला दत्ता म्हणून एकजण आहे, लातूरकडचा, भोसरीत राहतो. बोर्डावरची नोटीस वाचून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कंपनी फुकट काही दाखवायली म्हणजे समजून घ्या राव. बकऱ्याला आधी हार घालतेत." त्या दिवसापासून महोत्सवाचं नाव बकऱ्याचा हार पडलं. साहेबांच्या कानावर गेलं. ते एवढंच म्हणाले, "हार तरी घातला म्हणतील."

सहामाही परीक्षा संपल्यावरचा एक गुरुवार अखेर हाती लागला. त्यांनी नवी नोटीस लावली आणि घाईत एक शब्द चुकीचा लिहिला. 'मागील पट्टीत कामगार कुटुंबीयांची व्हिजिट.' कारखान्यात काम केलेल्याला पुढचं सांगायला नको. आमच्याकडे व्हिजिट म्हणजे मोठ्या गाडी कंपनीची माणसं तपासणीला येणार, आणि व्हिजिट म्हटलं की जे दिसेल ते घासायचं, कापायचं, रंगवायचं.

गुरुवारी सकाळी आम्ही मागे गेलो तर पट्टी चकाचक. घाणेरी नाही, रुई नाही, गवताची काडी नाही. कडेच्या दगडांना गेरू आणि चुना. प्रवेशाशी सात रंगांची मोठी रांगोळी, फुलपाखराची. तेवढं एकच फुलपाखरू होतं. हाऊसकीपिंगच्या मावशी कमरेवर हात ठेवून कौतुकाची वाट बघत उभ्या.

"औषध पण मारलंय साहेब. पोरांना डास नको चावायला."

मी बोलणार होते. त्यांनी मला डोळ्यांनीच थांबवलं. "रांगोळी फार सुरेख झालीय मावशी," ते म्हणाले आणि एका दगडावर बसले.

तेवढ्यात लोक आले. फार नाही, पण आले. बायका नेसूनसवरून, मुलं इस्त्रीच्या कपड्यांत, दत्ता दोन मुलींना हाताशी धरून. सगळे रांगोळीभोवती उभे राहून रिकाम्या मातीकडे बघायला लागले. ते उठले, काहीतरी सांगायला वळले, आणि मागून दत्ता म्हणाला, "साहेब, चुना लागलाय की पँटीला."

मुलं हसली. मग बायका, मग सगळे. तेही.

हिरामण नावाचा आमचा एक कामगार शेजारच्या निघोज्याचा. त्याच्या घरची जमीन आमच्या भिंतीला लागून आहे. तो म्हणाला, "साहेब, आमच्या बांधावं चला की. तितं लई हायत. कांदा अजून लावायचा हाय, रान मोकळंच हाय."

मग सगळी वरात गेटमधून बाहेर, रस्त्यावरच्या ट्रकांच्या कडेने, हिरामणच्या बांधावर. तिथे खरंच होती, पिवळी मोठी, पिवळी लहान आणि नक्षीवाली. साहेब पुढे, मुलं त्यांच्या मागे. ती नाव विचारायची आणि हे म्हणायचे, "तूच ठेव." दत्ताच्या धाकटीने एकाचं नाव ओव्हरटाइम ठेवलं, कारण ते बसतच नव्हतं.

कॅन्टीनने करून दिलेले पोहे खाताना दत्ताने विचारलंच. "साहेब, खरं सांगा. लाईन चाललीय का?"

सगळ्यांचे चमचे थांबले.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "पण कळलं की आधी तुम्हाला सांगेन. कागद यायच्या आधी."

असली वचनं कोणी देत नाही. मी त्यांना परतताना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "दिलं खरं. आता धरून चला."

थंडी संपता संपता त्यांना कळलं. वरून ताकीद होती, नोटीस लागेपर्यंत कुठे बोलायचं नाही. ते जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये उभे राहिले आणि साध्या आवाजात सांगितलं की लाईन जातेय, आणि ज्यांना दुसरीकडे बघायचं असेल त्यांनी आजपासून बघायला लागा. बऱ्याच जणांना त्या दिवसांत आसपास कामं मिळाली. नंतर वरून विचारणा झाली, कोणी फोडलं. "मी," ते म्हणाले.

पहिलं पत्र त्यांच्याच नावाचं आलं. पत्रं देणारे तर तेच, म्हणून हे पत्र माझ्या टेबलावर ठेवलं गेलं. मी नेऊन दिलं. त्यांनी वाचलं, पोच दिली आणि म्हणाले, "तुम्ही बरं देता. मी उगाच आधी पाणी विचारत बसायचो."

त्या दिवशी कंपनीची गाडी परत केलेली, म्हणून ते आमच्यासोबत पहिल्या शिफ्टच्या परतीच्या बसमध्ये चढले. दत्ता खिडकीकडे सरकला आणि म्हणाला, "या साहेब, इथं या." त्यांनी जागा घेतली, आणि मोशीच्या आधीच त्यांचा डोळा लागला. मान घसरत घसरत दत्ताच्या खांद्यावर आली. तोंड थोडं उघडं. फार दिवसांनी झोपलेल्या माणसासारखे झोपले होते.

भोसरीला बस थांबली. दत्ता इथे उतरायचा. ड्रायव्हरने आरशात बघून हॉर्न दिला. दत्ताने मोकळ्या हाताने त्याला पुढे जायची खूण केली, आणि खांदा न हलवता साहेबांच्या घराजवळच्या संत तुकाराम नगरपर्यंत बसून राहिला.