दोघंही आधी पाठवणारे

मंगळवार, १४ मार्च १९८९, नागपूर.

कॉम्प्युटर नेटवर्कवरच्या मंडळींनो, दोन प्रोसेसरांवर मिळून चालणारा माझा प्रोग्राम आज दुपारभर अडकून बसला. चूक दाखवेना, पुढेही सरकेना.

निरोपांसाठी आम्ही वापरतो त्या तयार प्रोग्रामांच्या लायब्ररीत एका प्रोसेसरने निरोप पाठवला की समोरचा तो घेईपर्यंत पाठवणारा थांबतो. मी दोन्हीकडे आधी पाठवणं लिहिलं होतं, मग घेणं. लहान निरोप मधल्या साठवणीच्या जागेत मावायचे, पाठवणाऱ्याला थांबावं लागायचं नाही, म्हणून इतके दिवस चाललं. आजचे निरोप मोठे होते, म्हणून दोघंही एकमेकांची वाट पाहत अडकले.

शेजारच्या टेबलावरचे वानखेडे हसले. "काहून गा, दोघंबी आपलंच सांगून राहिले, ऐकन कोण? एकाले पयले घ्याले लाव!"

एका बाजूच्या दोन ओळींची अदलाबदल केली आणि प्रोग्राम चालला.

महिन्यापूर्वी माझी आई गेली. तिला दवाखान्यात न्यायला उशीर कोणामुळे झाला, यावरून खापरखेड्याचा धाकटा भाऊ आणि मी भांडलो. आठ दिवसांपूर्वी त्याचं पत्र आलं. आधी माझी बाजू लिहू, मग त्याचं वाचू, असं ठरवलं. माझं पत्र काही पूर्ण होत नाही.

तुमच्या घरी असं झालं तेव्हा आधी कोणी ऐकून घेतलं?

सगळे घरी गेलेत. मी पिशवीतून भावाच्या पत्राचं पाकीट काढून फोडतो आहे.